कॅसेटमधली आजी आणि दोन गाण्यांच्या मधलं बोलणं

पांझराकाठ

राम राम मंडळी. गेला श्रावण सरला तेव्हापासून एक गोष्ट मनात खुपते आहे. इथे खान्देशातली आणि पोटापाण्यासाठी बाहेर गेलेली बरीच माणसं आहेत, म्हणून मांडते. लांबलंय, पण वाचा.

आमचं मूळ घर शिंदखेडा तालुक्यातलं. आजीला कानबाई देवीची गाणी, आखाजीची म्हणजे अक्षय्य तृतीयेची गाणी, जात्यावरच्या ओव्या किती येत होत्या याची मोजदाद नव्हती. हळदीला तिला शेजारच्या गावांतून बोलावणं यायचं. माझ्या काकांनी १९८९ ते १९९३ या काळात टेपरेकॉर्डर समोर ठेवून तिची गाणी अकरा कॅसेटींवर भरली. आजी २००६ साली गेली. कॅसेटी लोखंडी पेटीत, गोधडीच्या घडीत राहिल्या.

तीन वर्षांपूर्वी मी त्या एका दुकानात नेऊन दिल्या. आठ दिवसांनी पेनड्राइव्ह मिळाला. चौसष्ट फायली, 'ट्रॅक ०१' पासून 'ट्रॅक ६४' पर्यंत. आवाज इतका स्वच्छ की आजी शेजारच्या खोलीत बसून गातेय असं वाटावं. पहिल्या रात्री ऐकताना मी नुसती रडत होते. मग भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या, क्लाउडवर चढवल्या आणि सुटकेचा श्वास सोडला. आता आजी कुठे जात नाही, असं वाटलं.

गेल्या श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई बसली. रोटाचे गहू घरातल्या माणसांच्या नावाने मोजून झाले, नारळाला नथ घातली, पातळ नेसवलं. जागरणाला पुतण्याने मोठ्या हौसेने ब्लूटूथ स्पीकर लावला. ओसरीभर आजीचा आवाज. सगळ्या एकदम गप्प.

आजीमागे माझी चुलत काकू दरवर्षी गाणं उचलायची. ती एक ओळ टाकायची, आम्ही झेलायचो. कोणी चुकलं की मांडीवर थाप मारून थांबवायची, "पुन्हा म्हण" म्हणायची. स्पीकर थांबत नाही. तो कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. दुसरं गाणं संपलं तशी काकू उठली आणि चहा टाकायला आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही.

सकाळी नदीवर कानबाई न्यायला निघालो, तर वाटेतच स्पीकरची बॅटरी उतरली. एकीलाही तिसरं कडवं आठवेना. आदल्या वर्षी येत होतं हो! मला स्वतःला येत होतं.

अजून एक. ट्रॅक २३ सुरू होतो तो आजीच्या हसण्याच्या शेपटाने. अर्धा सेकंद हसू आणि लगेच गाणं. कानबाईला कुठल्या पाण्याने न्हाऊ घालू, असं ते गाणं आहे. त्यात आमच्या मळ्यातल्या विहिरीचं नाव येतं. देवीच्या गाण्यात आमची विहीर कुठून आली आणि आजी का हसली, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

एवढं सगळं साठवून आमच्या हातात नेमकं काय राहिलं, असा प्रश्न पडलाय.

भुसावळ_यार्ड

ताई, आधी एकच सांगा. मूळ कॅसेटी परत घेतल्यात ना? की दुकानातच राहिल्या?

पांझराकाठ

घेतल्या. पेटीतच आहेत. काकांच्या अक्षरातली लेबलंही आहेत, काहींवरची शाई उडालीय.

भुसावळ_यार्ड

मग देव पावला. नीट वाचा आता.

जुन्या टेपांचं काम मी पंधरा वर्षं हौस म्हणून करतो. तुमच्या फायलींत गडबड आहे. गाणं पहिल्या अक्षरावर सुरू होतं आणि शेवटच्या अक्षरावर संपतं, असं तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. घरात भरलेली कॅसेट अशी कधीच नसते. आधी बटण दाबल्याचा आवाज, मग कोणीतरी खोकतं, कोणी "झालं का सुरू?" विचारतं, भांडं पडतं, म्हातारी कोणाला तरी रागावते. दुकानदाराने ते सगळं कापून टाकलंय. त्याच्या लेखी गाणं म्हणजे माल आणि बाकीचं बारदान. ट्रॅक २३ चं हसू म्हणजे त्याची कात्री अर्धा सेकंद उशिरा चालली. आवाज काचेसारखा आहे म्हणता, म्हणजे मागची खरखर काढणारा फिल्टरही लावलाय. त्यात बांगड्या गेल्या, चूल गेली, इतर बायकांचं गुणगुणणंही पातळ झालं असणार.

पुन्हा करा. डेक चांगला हवा, त्याचा रबरी पट्टा आणि रोलर सैल झालेला नको. हेड स्पिरिटने पुसून घ्या. कॅसेट वाजवण्याआधी एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत चिकटलेली असते. हेडशेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. प्रत्येक कॅसेटला तो कोन कानाने जुळवावा लागतो. जुळला की दबलेला आवाज एकदम मोकळा होतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. तासाला साधारण १ जीबी लागते, म्हणजे तासातासाच्या अकरा कॅसेटी १२ जीबीत बसतील. मूळ फाइलीला कुठलाही फिल्टर लावायचा नाही, काहीही कापायचं नाही. कॅसेट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत एक सलग फाइल. ऐकायला सोयीचे तुकडे त्यातून वेगळे काढा.

तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी. आणि ती पेटी पत्र्याच्या खोलीत असेल तर तिथून हलवा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश होतं, फीत त्यात टिकत नाही.

धुळ्याहून_डब्लिन

धागा वाचून गलबलून आलं, पण मला थोडं वेगळं म्हणायचंय.

माझी आई २०२१ मध्ये गेली. विमानं बंद होती, मला येता आलं नाही. माझ्याकडे तिचे २१२ व्हॉइस मेसेज आहेत. त्यातले निम्मे "जेवलास का" आणि "तिकडे थंडी किती" एवढेच. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला आजी म्हणजे हा आवाज. "जेवनास का रे भाऊ" हे वाक्य ती अगदी आईच्या सुरात म्हणते. अहिराणी तिला दुसऱ्या कोणी शिकवलेली नाही, शिकवणारं इथे आहेच कोण?

तेव्हा साठवणीमुळे आठवण मरते, असं सरसकट म्हणू नका. ज्यांच्या गावात काकू आहे त्यांना स्पीकर नको वाटेल. ज्याच्याजवळ काकूच नाही, त्याने काय करावं?

पांझराकाठ

दादा, तुमचं म्हणणं सोळा आणे पटलं. मला फायली नकोत असं मी म्हणतच नाहीये. माझी खंत काकू उठून गेली त्याची आहे. आणि तुमची मुलगी तर आईच्या सुरात परत बोलतेय. आम्ही परत बोललोच नाही.

आसोद्याची_वाट

'परत बोलणं' हा शब्द मोलाचा आहे.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण आपल्या दारातलं. जन्म १८८० चा, आसोद्याचा. अक्षरओळख नाही. शेतात, जात्यावर, चुलीपुढे गाणं सुचायचं आणि हवेत जायचं. मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी जमेल तेवढं कागदावर उतरवून घेतलं. बहिणाबाई १९५१ च्या डिसेंबरात गेल्या, पुस्तक १९५२ मध्ये आलं. जे उतरवलं गेलं नाही ते कायमचं गेलं. आज विद्यापीठाला त्यांचं नाव आहे ते त्या कागदांमुळे. म्हणजे लिहून ठेवण्याला पर्याय नाही, हे आपण जळगावकरांनी तरी विसरू नये.

पण लिहून कोणी घेतलं? ज्याला त्या बाईचं बोलणं कळत होतं, ज्याने तीच भाकरी खाल्ली होती, त्याने. धुळ्याच्या तुरुंगातही तेच झालं. १९३२ मध्ये फेब्रुवारी ते जून दर रविवारी विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती समोर बसून उतरवून घेतली. ऐकणारा माणूस होता, त्याचं मन त्यात गुंतलेलं होतं. टेपरेकॉर्डरपुढे तुमचे काका बसले होते. दुकानातल्या यंत्रापुढे कोणी बसलं नव्हतं.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेलं जात्यावरच्या ओव्यांचं काम 'पारी'च्या, म्हणजे पीपल्स अर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या, संकेतस्थळावर आहे, जरूर पाहा. एक लाखाहून अधिक ओव्या. गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव ओवीसोबत दिलेलं आहे. 'ट्रॅक २३' आणि हे, यातला फरक बघा.

सातपुडा_पायथा

मी शिक्षक आहे, तळोदा भागात. आमच्या शाळेत नर्मदेच्या बुडितातून पुनर्वसन वसाहतीत आलेल्या घरांची मुलं आहेत. सरदार सरोवरात महाराष्ट्राची ३३ गावं गेली. मणिबेलीचं नाव सगळ्यांनी ऐकलं असेल.

एकदा वर्गात प्रोजेक्टरवर उपग्रहाचा नकाशा लावला. त्यात मागच्या वर्षांची चित्रं बघता येतात, पट्टी सरकवली की काळ मागे जातो. नदी बारीक होत गेली, काठ वर आला, मुलं ओरडायला लागली. एका मुलाचे आजोबा त्याला न्यायला आले होते, ते दारात उभे राहून बघत होते. मी त्यांना आत बोलावलं, म्हटलं बाबा, तुमचं गाव दाखवा. ते पडद्याजवळ गेले आणि हात फिरवत राहिले. हिरवा-तपकिरी डाग, दुसरं काही नाही. म्हणाले, यात काहीच नाही.

मग ते खाली बसले आणि खडूने फरशीवर रेघ काढली. ही नदी. इथे महू, म्हणजे मोहाचं झाड, इथे दुसरं महू, इथे माझ्या भावाला साप चावला ती वळणाची वाट, इथे देव. पाऊण तास. मुलं नकाशा विसरून फरशीभोवती बसली. त्या दिवशी फोनने फरशीचा फोटो काढला खरा, पण त्याहून मोठं काम मुलांनी दुसऱ्या दिवशी केलं. त्यांनी आपापल्या घरी विचारून वीस-बावीस जागांची नावं आणली, पावरी बोलीतली, जी कुठल्याच नकाशावर नव्हती. दोन घरांत एकाच ओढ्याला दोन नावं निघाली आणि त्यावरून दोन म्हाताऱ्यांचं जोरात वाजलं. दोन्ही नावं लिहून ठेवलीत.

मोडीवाला_धुळे

आमच्याकडे उलटं दुखणं आहे, तेही सांगतो.

इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जुन्या कागदांची दप्तरं गोळा केली. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापली, एकूण २२. शेवटचा काळ धुळ्यात गेला, ३१ डिसेंबर १९२६ ला इथेच गेले. पुढच्याच वर्षी राजवाडे संशोधन मंडळ उभं राहिलं. पण त्यांनी नुसते कागद जमवले नाहीत. प्रत्येक कागद वाचला, लिप्यंतर केलं, कोणाचं पत्र, कोणाला, कशावरून, हे लिहिलं आणि त्यावर कडाक्याची मतंही मांडली.

आता स्कॅन भराभर होतात, वाचणारा मिळत नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची केवढी शोधाशोध झाली, आठवतं ना? कागद होते, चित्रं काढता येत होती, आणि वाचणारी माणसं हाताच्या बोटांवर. स्कॅन केलेला मोडी कागद मोडी न येणाऱ्याला शोभेच्या नक्षीसारखा दिसतो. मी दर शनिवारी पाचसहा पोरांना मोडी शिकवतो. स्कॅनरसाठी देणगी लगेच मिळते, शिकवणीला पोरं मिळवायला दारोदार फिरावं लागतं.

पाटण्याला गेलात तर, म्हणजे चाळीसगावजवळच्या, भास्कराचार्यांच्या नातवाने ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख बघा. आठशे वर्षं दगड टिकला, पण भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात वाचेपर्यंत जाणाऱ्या-येणाऱ्यांसाठी तो रेघोट्यांचा दगड होता.

फैजपूरची_सून

दगडाचं जाऊ द्या, वीस वर्षांपूर्वीचं बघा. सासऱ्यांनी निवृत्तीनंतर आमच्या गावाच्या आठवणी दीडशे पानं टाइप करून घेतल्या होत्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये. ते गेल्यावर फाइल उघडली तर कंस, टिंबं आणि चौकोन. शेवटी त्या जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारा कन्व्हर्टर मिळाला, तरी जोडाक्षरं अजून हाताने नीट करतेय. रोज दोन पानं. खरं सांगू का, ते जिवंत असताना मी ती पानं एकदाही वाचली नव्हती. आता अक्षर न् अक्षर वाचतेय.

आणि ऑर्कुट आठवतं का कोणाला? ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. आमच्या कॉलेजच्या बॅचचं सगळं त्यावर होतं. गूगलचं खातंही दोन वर्षं वापरलं नाही तर पुसलं जाऊ शकतं. क्लाउड ही भाड्याची खोली आहे, भाडं थकलं की सामान रस्त्यावर.

चाळीसगाव_फलाट

मानसशास्त्र शिकवते, म्हणून थोडं त्या अंगाने.

२०११ मध्ये बेट्सी स्पॅरो आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास गाजला. माहिती कॉम्प्युटरमध्ये साठवली आहे असं वाटलं की माणसांना ती माहिती कमी आठवत होती, पण ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे बरं आठवत होतं. त्या अभ्यासातला एक वेगळा प्रयोग २०१८ मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा निकाल आला नाही, तेव्हा त्यावर फार मोठे इमले बांधू नयेत. पण तुमचं तिसरं कडवं मला लगेच आठवलं. फाइल आहे म्हटल्यावर डोकं ओझं खाली ठेवतं.

मला जास्त मोलाचा वाटतो तो लिंडा हेंकेल यांचा २०१४ चा प्रयोग. संग्रहालयात ज्या वस्तूंचे नुसते फोटो काढले त्या लोकांना कमी आठवल्या. पण ज्यांना वस्तूच्या एका भागावर झूम करून फोटो काढायला सांगितलं, त्यांची आठवण शाबूत राहिली, न टिपलेल्या भागाचीसुद्धा. म्हणजे घात कॅमेऱ्याने होत नाही. लक्ष काढून घेतल्याने होतो.

आमच्या गावातले केकी मूस, स्टेशनजवळच्या घरातून क्वचितच बाहेर पडले. टेबलावर घरातल्याच वस्तू मांडून, त्यावर प्रकाश पाडून ते एकेक देखावा उभा करायचे आणि मग फोटो घ्यायचे. त्यांच्या कलादालनात उभं राहिलं की एका चित्रापाशी दहा मिनिटं जातात. परवा भाचीच्या लग्नाचे चार हजार फोटो आले. अजून कोणी पाहिलेले नाहीत.

वहीतलं_नाव

आमच्याकडे भाटबुवा येतात. दर काही वर्षांनी, वंशावळीची लांबलचक वही घेऊन. मागच्या खेपेला माझ्या भावाने विचारलं, पानांचे फोटो काढू का, म्हणजे तुम्हाला यायचा त्रास नको. ते म्हणाले, मग पुढचं पोर झालं ते कोण लिहील? नवीन नाव लिहिताना ते आधी मागची सगळी नावं मोठ्याने म्हणतात, भावकी ओट्यावर बसलेली असते, कोणी चुकीचं सांगितलं तर तिथेच तिघं टोकतात. माझ्या मुलीचं नाव लिहायचं होतं, आधी नुसती मुलग्यांचीच लिहायचे. त्यावर ओट्यावर अर्धा तास वाद झाला. लिहिलं.

पांझराकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी परत आले, कारण सांगण्यासारखं घडलंय.

भुसावळदादांनी निरोपात सांगितलं तसंच केलं. डेक मिळाला, स्क्रू फिरवायला पुतण्या शिकला. आम्ही ठरवलं की कॅसेट काकूच्या घरीच चढवायची, तिच्यासमोर. ओसरीत टेबल, त्यावर डेक, लॅपटॉप, आणि शेजारी माझा फोन वेगळा रेकॉर्डिंगला लावलेला, काकू काय बोलते त्यासाठी. पहिला दिवस ती मोजकंच बोलली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघी येऊन बसल्या आणि मग थांबेचनात. कुठला आवाज कोणाचा, कोण त्या वर्षी बाळंतपणाला आलेली, मागे भुंकतोय तो कुत्रा कोणाचा. अकरा कॅसेटींचं आठ दिवसांचं काम होईल वाटलं होतं, सहा कॅसेटीच झाल्यात.

चौथ्या कॅसेटीची दुसरी बाजू. ट्रॅक २३ च्या आधी चाळीस सेकंदांचं बोलणं निघालं. दुकानाने कापलेलं. एक तरुण आवाज विचारतो, यात आपली विहीर कशी काय आली? तो आवाज काकूचाच होता. ती स्वतःच विसरली होती. आजी म्हणते, "नदीनं पानी आटी गय, मंग देवीले काय कोल्लं ठेवू? इहिरले पानी लागनं, मंग इहीरच टाकी दिनी गानामा." आणि हसते. त्याच हसण्याचं शेपूट आम्ही तीन वर्षं ऐकत होतो.

बहात्तरच्या दुष्काळात खणलेली विहीर ती. त्याआधी गाण्यात नदीच होती.

काकूने डेक थांबवायला लावला. बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "आते इहीर तरी कोठे शे?" खरंच आहे, विहीर बुजवून आठ वर्षं झाली, मळ्यात आता पाण्याची टाकी आहे. आणि तिथेच बसल्या बसल्या तिने गाणं उचललं, विहिरीच्या जागी टाकी घालून. 'टाकी' शब्द दोन अक्षरांचा, तालात बसेना. तिने तो लांबवून पाहिला, मग पुढे 'नवी' जोडून पाहिलं. मी झेलताना चुकले, तर मांडीवर थाप बसली, माझ्या मांडीवर.

फोन चालूच होता. पुतण्याने विचारलं, पंख्याची घरघर येतेय, काढून टाकू का? मी नको म्हटलं. फाइलीचं नाव असं दिलंय: 'कानबाईचं न्हाणं, आधी नदी, बहात्तरनंतर विहीर, आता नवी टाकी, काकूची ओसरी, पंखा चालू, तिसऱ्या कडव्यात मी चुकले'.

उरलेल्या पाच कॅसेटी दिवाळीनंतर. शिंदखेडा बाजूला कोणी येणार असेल तर कळवा, काकूने चहाला बोलावलंय. येताना गाणं येणारी एखादी मावशी बरोबर आणा.